शेकोटी बाहेरच राहू द्या

नाताळ आटोपला, वर्षअखेरची उपासना झाली, की आमच्या मंडळीत तरुण संघाच्या हिवाळी शिबिराचे वारे वाहू लागतात. कमिटी बसते. पहिला तास एकाच काळजीत जातो, मुलं आणि मुली. बसमध्ये पुढे कोण, मागे कोण. मुलींचा बंगला किती लांब. रात्री दहानंतर अंगणात कोणी दिसता कामा नये. मग मोबाइल. मग शेकोटीपाशी सिनेमातली गाणी चालतील का. मटण एकदा की दोनदा, यावरही बरीच खडाजंगी होते. थंडीत ही पोरं खोलीत ऊब कशाची घेणार, हा प्रश्न मात्र मी एका शिबिरात विपरीत घडेपर्यंत एकाही बैठकीत ऐकला नव्हता.

ते शिबिर पाचगणीला होतं. गाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ 1300 मीटरवर. पसरणीचा घाट चढेपर्यंत आपली पुण्याकडची पोरं टी-शर्टवर असतात, थंडी काय आम्हाला नवीन आहे का म्हणतात. रात्री टेबललँडवरून वारा सुटला की त्यांची बोबडी वळते. त्यात भाड्याचे बंगले उन्हाळी पाहुण्यांसाठी बांधलेले. वर पत्रा, खाली फरशी, आणि पांघरायला एकेक पातळ ब्लँकेट.

पहिल्या रात्री शेकोटीभोवती साक्षी झाल्या. मुलं मोकळेपणाने बोलली, रडली, उशिरापर्यंत कोणी उठेना. शेवटी पाळकसाहेबांनी प्रार्थना करून सगळ्यांना झोपायला पाठवलं. मागे राहिलेल्या चारदोन मुलांनी शेकोटीतले लालबुंद निखारे लोखंडी घमेल्यात भरले आणि खोलीत नेले. धूर नव्हता, त्यामुळे त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. माकडं आत येतात म्हणून व्हेंटिलेटरना पुठ्ठे आधीच ठोकलेले होते. तेवढ्याने खोली डबाबंद झाली.

पहाटे चहाचं आधण ठेवायला उठलेल्या आचाऱ्याला एक मुलगा व्हरांड्यात पडलेला दिसला. त्याच्या हाकेने आम्ही धावलो. खोलीत एक ओकत होता, दोघे डोकं धरून बसले होते, एकाला हलवलं तरी धड जाग येईना. कोणी म्हणालं, रात्रीचं मटण बाधलं. एक दादा डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करू लागले. मी प्रथमोपचाराच्या पेटीतला ऑक्सिमीटर त्या मुलाच्या बोटाला लावला. आकडा आला 98.

आचारी मात्र घमेल्याकडे बघत होता. 'ताई, आधी पोरं भायेर काढा,' म्हणाला आणि त्याने खिडक्या भडाभडा उघडल्या. मुलांना उचलून अंगणात आणलं, तिथून दवाखान्यात. ऑक्सिजन लावल्यावर दुपारपर्यंत सगळे बोलते झाले. देवाची दया, आणि आचाऱ्याचं नाक नव्हे, डोकं. कारण निखाऱ्यांतून निघणाऱ्या वायूला वास नसतोच.

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. धूर डोळ्यांना झोंबतो तरी, माणूस उठून दार उघडतो. धुमसत्या निखाऱ्यातून हा वायू गुपचूप येत राहतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, मग शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. आणि आपण कोविडपासून ज्याच्यावर विसंबायला शिकलो तो बोटाचा ऑक्सिमीटर इथे फसतो. त्याला हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा त्या 98 चा अर्थ मला लागला. आकडा चांगला आला म्हणून मुलांना पुन्हा त्याच खोलीत झोपवणं, यासारखी घातक गोष्ट नाही.

शिबिरात हे ओळखणं आणखी अवघड, कारण दुखणाऱ्या डोक्याला तिथे दहा कारणं तयार असतात. जागरण झालं, साक्षीच्या वेळी फार रडली, उपास-प्रार्थनेचा दिवस होता, घाट लागला, जेवण जड झालं. म्हणून एवढं लक्षात ठेवा: एकाच खोलीतल्या दोघातिघांचं एकदम डोकं दुखतंय, मळमळतंय, ताप मात्र नाही, आणि मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटतंय, तर संशय आधी हवेवर घ्या, मटणावर नंतर. सगळ्यांना बाहेर काढा, 108 ला फोन करा, दवाखान्यात 'खोलीत निखारे होते' हे स्वतःहून सांगा. प्रार्थना जरूर करा, पण अंगणात.

गॅस गीझरचं तेच. उपासनेआधी पंधरा-वीस मुली एकामागून एक अंघोळीला जाणार, थंडीमुळे खिडकी बंद, गीझर आतच टांगलेला. असा गीझर असेल तर बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, मगच आत जाऊन कडी लावायची. मुलींना हे जातीने समजावून सांगावं लागतं, नुसती सूचना चिकटवून भागत नाही. ड्रायव्हरही बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपणार नाही, याकडे कोणीतरी बघायला हवं.

आता मोठ्यांविषयी. त्या रात्री आम्ही सगळे लीडर दुसऱ्या बंगल्यात होतो, मर्यादा राहावी म्हणून. मुलांचे मोबाइल पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली झोपलेल्या खजिनदाराच्या खिशात. पालकांचे नंबर एका लीडरच्या फोनमध्ये आणि तो फोन चार्जिंग संपून पडलेला. तेव्हापासून प्रत्येक मजल्यावर दोन मोठी माणसं, मुलांच्या शेजारच्या खोलीत. दोनच, एकटं कोणी नाही. हे मुलांच्याही भल्याचं आणि लीडरच्याही. प्रत्येक मजल्यावर एक चालू फोन. दमा, फिट, औषधं आणि पालकांचे नंबर कागदावर, दोन प्रती. झोपण्याआधी खोल्यांतून फेरी मारताना आम्ही पूर्वी डोकी मोजायचो, आता व्हेंटिलेटरही बघतो.

निखारे नेणाऱ्या मुलांना कोणी रागावलं नाही, ते बरंच झालं. थंडी वाजली तर माणूस ऊब शोधणारच. रजया भरपूर न्या, स्वेटर-कानटोपीची यादी पालकांना आधी द्या, झोपताना गरम पाण्याच्या पिशव्या द्या, आणि शेकोटी विझवायचं काम एका मोठ्या माणसाच्या नावावर लिहा. पाणी ओतून, काठीने उकरून, राख गार झाल्यावरच त्याने आत यायचं.

यंदा जाणार असाल तर बंगल्याचा अ‍ॅडव्हान्स देण्याआधी कमिटीतल्या एकाने जाऊन व्हेंटिलेटर आणि गीझर बघून यावं. मालक 'इतक्या वर्षांत काही झालं नाही' म्हणाला तर वाद घालू नका, दुसरा बंगला बघा. पाचगणीत बंगल्यांना तोटा नाही.