बंदिवानाच्या वाट्याची हवा

सूरह अद्-दहरच्या आठव्या आयतीत गरीब व अनाथ यांच्याबरोबरच कैद्याला अन्न देणाऱ्यांचाही उल्लेख आहे, हे आपण जाणताच. काजी अबू यूसुफ (रह.) यांनी ‘किताबुल खराज’मध्ये खलीफा हारून रशीद यांना तुरुंगांविषयी जो सल्ला दिला, तो मात्र फारसा सांगितला जात नाही. कैद्यांना भाकरीऐवजी दरमहा दहा दिरहम रोख द्यावेत, कारण भाकरी पहारेकरीच लाटतात. हिवाळ्याचे व उन्हाळ्याचे कपडे निरनिराळे द्यावेत, असे ते लिहितात. कोंडणाऱ्यावर अन्नवस्त्राची जबाबदारी येते. मग हवा आणि पाण्याची येत नाही काय?

हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. केंटकी राज्यातील लेचर काउंटीत, रॉक्साना येथे, केंद्र सरकारने नवे कारागृह बांधायचे ठरविले. जमीन अशी, की जिथे पूर्वी सुरुंगांनी डोंगरमाथे उडवून कोळसा काढलेला. तरतूद 44.4 कोटी डॉलरहून अधिक. तेथे 1970 पासून एक कायदा आहे: सरकारने मोठे काम मंजूर करण्यापूर्वी त्याचे पर्यावरणावरील परिणाम तपासावेत, ते प्रसिद्ध करावेत आणि लोकांचे म्हणणे ऐकावे. त्याप्रमाणे जाडजूड अहवाल निघाला. दुर्मीळ वटवाघळांच्या अधिवासाचीही त्यात दखल होती. (वटवाघळांविषयी आमची तक्रार नाही, तीही अल्लाहचीच निर्मिती.) शेजारच्या गावकऱ्यांत दोन मते होती. कोळशाचा धंदा ओसरल्याने काहींना रोजगार हवा होता, तर काहींना जंगलाची व पाण्याची चिंता होती. पण दोन्ही बाजूंना सभेत उभे राहून बोलता येत होते.

ज्यांना तेथे वर्षानुवर्षे राहायचे, त्यांचे काय? नोव्हेंबर 2018 मध्ये निरनिराळ्या केंद्रीय तुरुंगांतील 21 कैद्यांनी दावा लावला. उद्या आम्हांलाच तेथे पाठविले जाऊ शकते. असे असता आम्हांला ना सूचना मिळाली, ना मत मांडण्याची संधी, असे त्यांचे म्हणणे होते. ही तक्रार क्षुल्लक समजू नका. हवा बाधली तर गावकरी, कष्टाने का होईना, घर बदलू शकतो. विहीर बिघडली तर दुसरीकडून पाणी आणू शकतो. कैद्याला नळ एकच, खिडकीही एकच, आणि तीही त्याने निवडलेली नाही.

जून 2019 मध्ये सरकारने आपला निर्णय मागे घेतला. 2022 मध्ये योजना पुन्हा पुढे आली आणि 2024 मध्ये तिला मंजुरी मिळाली. जागा तीच, रॉक्सानाची.