उंबरखिंड दोन बाय तीन फुटांत: लढाईचं मॉडेल बनवा, पण आधी हिशोब मांडा

व्हिडिओमध्ये ‘लढाईचं मॉडेल’ हा व्यवसाय थोडक्यात सांगितला होता. त्यातली मापं आणि हिशोब इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आपल्याकडेच का?

दिवाळीतला किल्ला आपल्याला नवीन नाही. परदेशात याचाच मोठा भाऊ आहे, वॉरगेमिंग. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक काढून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम दिले. आज तिकडच्या प्रदर्शनांत लोक टेबलावर अख्खी लढाई मांडतात.

जव्हार-मोखाड्यात बोहाड्याचे मुखवटे बनवणारे हात आहेत, बांबूकाम आहे. आणि दिवाळी झाली की कितीतरी घरं कुलूप लावून वीटभट्टीवर जातात. शिवजयंती १९ फेब्रुवारीला, शिवराज्याभिषेक दिन ६ जूनला. म्हणजे मॉडेलला मागणी येते ती नेमकी घरं रिकामी होण्याच्या काळात. चार महिन्यांचं काम गावातच मिळालं तर मुलांची शाळा सुटत नाही. म्हणून हा विषय छंद म्हणून नाही, धंदा म्हणून शिका.

१. एकच लढाई निवडा

उदाहरण म्हणून उंबरखिंड घेऊ. शाहिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान कोकणात उतरत होता, सोबत रायबागन होती. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याला खोपोलीजवळच्या या अरुंद खिंडीत कोंडलं आणि खंडणी देऊन सुटका मागायला लावलं. इथे तटबंदी नाही, बुरूज नाहीत. फक्त डोंगर, झाडी आणि मधली चिंचोळी वाट. आपल्या घाटात रोज दिसतं तेच.

२. दोन मापं वेगळी ठेवा

नवीन माणूस इथेच अडकतो. १:७२ प्रमाणात साडेपाच फुटांचा माणूस साधारण २३ मिलिमीटर होतो. पण त्याच प्रमाणात तीन फुटांच्या फळीवर जेमतेम ६५ मीटर जमीन मावते. खिंड कशी बसणार? म्हणून जमिनीचं माप वेगळं धरा आणि एक बाहुली म्हणजे ५० सैनिक असं ठरवा. हजार सैनिक दाखवायचे तर २० बाहुल्या पुरतात. हे प्रमाण पाटीवर लिहाच. बघणाऱ्याला पटतं आणि तुमचा अभ्यासही दिसतो.

३. माल जवळचा वापरा

२०१८ च्या प्लास्टिकबंदीपासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नका. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करा, त्यावर कागदाचा लगदा. लगद्यात मेथीची पूड घातली की कीड कमी लागते. गवतासाठी रंगवलेला लाकडाचा भुसा. बाहुलीला आत बारीक तार, वरून एमसील.

४. पावसाचं गणित

जव्हारच्या पावसात लगदा वाळत नाही, बुरशी धरतो. म्हणून डोंगर मे संपायच्या आत तयार करा. लावणी उरकली की घरात बसून बाहुल्या रंगवा. दिवाळीची ऑर्डर सप्टेंबरमध्ये घेऊन डोंगर करायला बसलात तर ती वेळेत जाणार नाही.

५. किंमत

आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही भरा.

- माल: ₹१,८००
- मजुरी, ४० तास × ₹७५: ₹३,०००
- पेटी आणि वाहतूक: ₹४००
- स्टॉलचं भाडं, तूटफूट: ₹८००
- एकूण खर्च: ₹६,०००
- नफा २० टक्के: ₹१,२००
- विक्रीची किंमत: ₹७,२००

मजुरीची ओळ बघा. बहुतेक जण ‘घरचंच काम आहे’ म्हणून ती सोडून देतात आणि मॉडेल अडीच हजाराला देतात. मग वाटतं, यापेक्षा वीटभट्टी बरी. भट्टीवर गेलात तर मजुरी मागता ना? मग इथेही धरा.

शाळेला ₹७,२०० जड वाटले तर भाड्याने द्या. एका वेळचं भाडं ₹१,२००, त्यातून ने-आण आणि डागडुजीचे ₹३०० गेले की हातात ₹९०० उरतात. सातव्या भाड्याला खर्च वसूल होतो, आणि मॉडेल तुमचंच राहतं.

६. इतिहासाशी खेळ नको

महाराजांचा विषय आहे. तारीख, नाव, जागा दोन पुस्तकांत तपासल्याशिवाय पाटी रंगवू नका. पाटीवरची एक चूक पुढची दहा गिऱ्हाइकं घालवते.

गृहपाठ

सुरतेच्या १६६४ च्या स्वारीला जाताना महाराज शिरपामाळला थांबले आणि जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांचं स्वागत केलं, असा इतिहास आपल्याकडे सांगितला जातो. ही लढाई नाही, भेट आहे. बाहुल्या कमी लागतील, खर्चही कमी. रविवारी शिरपामाळला जाऊन या, उताराचं चित्र काढा आणि वरच्या तक्त्यात तुमचे आकडे भरा. मजुरीची ओळ सगळ्यात आधी!