पाइपचा बंपर बसवावा का?

प्रश्न : बोईसरला जुन्या जीपसाठी पाइपचा बंपर बनवून घ्यावा का? – एक वाचक, पालघर

उत्तर : तारापूर एमआयडीसीच्या परिसरात पाइप आणि वेल्डर सहज मिळतील; अडचण कायद्याची आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा पाइपच्या बंपरवर, म्हणजे बुल बारवर, कारवाई करायला सांगितले. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे बदल रोखते. दंड प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

कारण पटण्यासारखे आहे. कडक पाइप धडकेचा जोर शोषत नाही, थेट चासीत नेतो. पादचाऱ्याला तर जबर इजा होते.

गाडी केवळ खासगी ट्रॅकवर चालणार असेल, तरच हे काम करावे. गॅल्व्हनाइज्ड पाइपवरचा जस्ताचा थर वेल्डिंगआधी घासून काढावा. त्याच्या धुराने ताप येतो. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत पाइप आतूनही गंजतो, म्हणून टोके बंद करून तळाशी निचऱ्याचे छिद्र ठेवावे.