लालाग्रंथींचे अर्बुद : अर्दितामागे दडलेली गाठ

काही वर्षांपूर्वी वडखळ येथील चिकित्सालयात आलेल्या एका रुग्णास अर्दित समजून मी तीन आठवडे नस्य दिले. कानाखालची लहान, न दुखणारी गाठ मी चाचपलीच नव्हती. म्हणून हा लेखप्रपंच.

लालाग्रंथींची बहुतांश अर्बुदे कर्णमूलातील पॅरोटिड ग्रंथीत उद्भवतात व त्यांतील बहुसंख्य सौम्य असतात. टाळूवरील सूक्ष्म ग्रंथींत मात्र घातकतेचे प्रमाण अधिक आढळते. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात अर्बुद स्थिर, मंद वेदनेचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे वर्णिले आहे. तेव्हा वेदना नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

गाठीसह चेहरा वाकडा झाल्यास अर्बुदाने मज्जातंतू ग्रासल्याची शंका घ्यावी. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा मज्जातंतूंच्या अनुषंगाने पसरतो आणि अनेक वर्षांनीही फुफ्फुसांत प्रकटतो.

सोनोग्राफी, सुईद्वारे पेशीतपासणी व आवश्यकतेनुसार एमआरआय यांनी निदान करावे. मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच असून गरजेप्रमाणे किरणोपचार दिले जातात. लेप व कांचनार गुग्गुळात महिने दवडू नयेत. औषधालयचालकांनीही अशा गाठीवर परस्पर औषध देऊ नये. टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक संस्था पनवेलपलीकडे खारघर येथे आहे. रुग्णास तेथे विनाविलंब धाडावे.

किरणोपचारानंतरच्या मुखशोषात कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीने कवल-गंडूष, पथ्ययोजना आणि धीर देणे, हे आपले कार्य होय.