एकाकी वार्धक्य आणि शेजारधर्म

घरात एकटीच राहणारी एक वृद्ध स्त्री सकाळी सहाच्या सुमारास न्हाणीघरात पाय घसरून पडते. खुब्याचे हाड मोडल्यामुळे तिला उठता येत नाही. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि दाराला आतून कडी आहे. दूधवाला पिशवी ठेवून जातो, वर्तमानपत्र उंबऱ्यापाशी येऊन पडते. या क्षणापासून तिचे जीवित वैद्याच्या कौशल्याइतकेच आणखी एका गोष्टीवर अवलंबून राहते. दारातील पिशवी अजून उचललेली नाही, हे कोणाच्या आणि किती वेळाने ध्यानात येते? हा प्रसंग कल्पित आहे. परंतु त्यातून उद्भवणारा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यांत देता येते.

लक्ष जाण्यास लागणारा वेळ

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात, घरात असहाय अथवा मृत अवस्थेत आढळलेल्या एकट्या व्यक्तींची एक पाहणी करण्यात आली. ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. अवघ्या १२ आठवड्यांत अशी ३६७ माणसे आढळली. ज्यांची असहाय अवस्था एक तासाहून कमी काळ टिकली होती, त्यांच्यापैकी १२ टक्के दगावली. जी ७२ तासांहून अधिक काळ तशीच पडून होती, त्यांच्यापैकी ६७ टक्के. इंग्लंडमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही असेच दिसून आले. पडल्यानंतर तासाहून अधिक काळ जमिनीवर राहिलेल्या वृद्धांपैकी निम्मे सहा महिन्यांच्या आत मृत्यू पावले होते. पडण्याची इजा किरकोळ असली तरी पडून राहणे स्वतःच घातक ठरते.

याचे कारण शरीरव्यापारात आहे. एकाच अंगावर दीर्घ काळ भार राहिला की तेथील रक्ताभिसरण मंदावते, त्वचेवर व्रण पडतात आणि स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. त्यांतून रक्तात मिसळणारी द्रव्ये मूत्रपिंडांना अपाय करतात. त्यातच पाणी मिळत नसल्याने रक्त दाट होते आणि मूत्रपिंडांवरील ताण वाढतो. प्रत्येक तास हा या ऱ्हासाचा एक एक टप्पा असतो.

एकटे राहणे आणि एकाकी होणे

या विषयात तीन गोष्टींची गल्लत टाळली पाहिजे. एकटे राहणे म्हणजे घरात दुसरी व्यक्ती नसणे. सामाजिक विलगता म्हणजे इतरांशी असणारे संबंध मोजकेच उरणे. आठवड्यात किती जणांशी भेट-बोलणे झाले, हे मोजून ती ठरवता येते. एकाकीपणा ही मात्र मनाची अवस्था होय; ती भरल्या घरातही असू शकते. एकटे राहणारी एखादी वृद्धा देवळात, भिशीत आणि शेजारच्या ओसरीवर रमलेली असेल, तर ती विलग नव्हे. उलट, मुलगा-सून कामावर गेल्यावर दिवसभर भिंतीकडे पाहत बसणारा वृद्ध कुटुंबात राहूनही विलग असू शकतो.

विलगतेचा आयुर्मानाशी असलेला संबंध प्रथम स्पष्ट केला तो कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्याच्या अभ्यासाने. बर्कमन आणि साइम यांनी सुमारे ७,००० प्रौढांची नऊ वर्षांची माहिती तपासून १९७९ साली असे दाखविले की, ज्यांचे सामाजिक संबंध अत्यल्प होते त्यांच्यातील मृत्युप्रमाण, संबंध विपुल असणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते. पुढे २०१० साली होल्ट-लनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. संबंध दृढ असणाऱ्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक असते, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

जबलपूरचे उदाहरण

भारतात २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ६ टक्के एकट्या राहत होत्या. याखेरीज सुमारे २० टक्के व्यक्ती केवळ आपल्या पती वा पत्नीसोबत राहत होत्या. दोघांपैकी एक गेला की दुसरा पहिल्या गटात येतो. आणि मागे राहणारी बहुधा स्त्री असते. ही स्थिती कशी निर्माण होते, हे समजण्यास जबलपूर हे उत्तम उदाहरण होय.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७ पर्यंत हे शहर मराठ्यांच्या सत्तेखाली होते. पुढे १८७० मध्ये रेल्वेमार्ग जोडला गेला आणि १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. १९५६ मध्ये मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय येथे आले. प्रत्येक टप्प्यावर नोकरी-व्यवसायासाठी माणसे आली आणि त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ होती. येथील जीवन मुख्यतः सरकारी नोकरीच्या आधारावर वाढले. कारखान्याच्या वा रेल्वेच्या वसाहतीत एकाच भोंग्यावर उठणारी आणि एकमेकांच्या मुलांना नावाने हाक मारणारी घरे पंचवीस-तीस वर्षे शेजारी नांदत. सेवानिवृत्तीबरोबर मात्र सरकारी क्वार्टर सोडावे लागते आणि नोकरीबरोबर शेजारही संपतो. साठीनंतर माणूस नव्या वस्तीत घर बांधतो. तोवर मुले पुण्याला, बंगळूरला अथवा परदेशी गेलेली असतात. मुलांच्या मायेत उणीव असतेच असे नाही. ती रोज रात्री दूरध्वनीवरून विचारपूस करतात. परंतु रात्री नऊचा दूरध्वनी सकाळी सहाला पडलेल्या आईला पंधरा तासांनी उपयोगी पडतो. दूरच्या मायेने हे अंतर भरून निघत नाही. ते काम भिंतीपलीकडच्या कानाचे आहे.

दोन उन्हाळे, दोन भूकंप

जबलपूरमध्ये मे महिन्यात दुपारचे तापमान पुष्कळदा ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाते. वार्धक्यात तहानेची जाणीव मंद होते आणि घामावाटे शरीर थंड राखण्याची शक्ती घटते. त्यामुळे वृद्धाला आपण संकटात आहोत हेच कळत नाही. जुलै १९९५ मध्ये शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक बळी घेतले. नंतरच्या तपासणीत असे आढळले की, एकटे राहणारे व घराबाहेर न पडणारे यांना धोका सर्वाधिक होता आणि मित्र-परिचितांशी संबंध असणाऱ्यांना कमी. समाजशास्त्रज्ञ क्लिनेनबर्ग यांनी एकमेकींना लागून असलेल्या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली. दोहोंत एकटे वृद्ध पुष्कळ होते. तरी एका वस्तीतील मृत्युप्रमाण दुसरीच्या सुमारे दहापट होते. कमी हानी झालेल्या वस्तीत दुकाने आणि वर्दळ असल्याने वृद्ध घराबाहेर पडत आणि ओळखीच्या नजरेस पडत. दुसऱ्या वस्तीत ओस रस्त्यांच्या भीतीने ते दारे लावून बसले. फ्रान्समध्येही ऑगस्ट २००३ मध्ये उष्णतेने सुमारे १५,००० माणसे दगावली. त्यांत वृद्धच बहुसंख्य होते.

भूकंपाचा धडाही असाच आहे. २२ मे १९९७ रोजी पहाटे, लोक झोपेत असताना, जबलपूरला ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. सुमारे ४० माणसे मृत्यू पावली आणि हजारो घरांची हानी झाली. अशा वेळी ढिगाऱ्यापाशी सर्वांत आधी पोचतो तो शेजारीच. जानेवारी १९९५ मध्ये जपानमधील कोबे परिसरात भूकंप झाला, तेव्हा आवाजी बेटावरील होकुदान या गावी सुमारे ३०० माणसे गाडली गेली होती. गावकऱ्यांनी त्यांना त्याच दिवशी बाहेर काढले. कारण कोणता म्हातारा कोणत्या खोलीत निजतो, हे त्यांना ठाऊक होते. याउलट, कोबे शहरात बेघर वृद्धांना तात्पुरती घरे सोडत काढून देण्यात आली. जुने शेजार मोडले आणि पुढील काही वर्षांत त्या घरांत दोनशेहून अधिक माणसे कोणाच्या नकळत मरण पावली. घर दिले गेले होते. शेजार दिला गेला नव्हता.

कायदा आणि शेजारी

भारतात २००७ च्या कायद्याने मातापित्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाची जबाबदारी अपत्यांवर व वारसांवर टाकली आहे. त्याखालील आदर्श नियमांनुसार प्रत्येक पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवून महिन्यातून निदान एकदा त्यांची भेट घ्यावी, अशी अपेक्षा आहे. १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय मदतसेवाही आहे. या तरतुदी मोलाच्या आहेत. तथापि महिन्याची भेट तासांचा प्रश्न सोडवू शकत नाही. तासांचा हिशेब शेजाऱ्यालाच ठेवता येतो.

त्यासाठी फार मोठा त्याग लागत नाही, नियमितपणा लागतो. वृद्धाच्या संमतीने एक खूण ठरवावी: सकाळी आठपर्यंत पुढची खिडकी उघडेल, किंवा तुळशीला पाणी घातले जाईल. खूण दिसली नाही तर हाक मारावी आणि उत्तर आले नाही तर दार ठोठवावे. घराची एक किल्ली व मुलांचे दूरध्वनी क्रमांक विश्वासातील शेजाऱ्याकडे असावेत. आतील कडी बाहेरून उघडता येत नसेल तर बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप बसवावे. कडक उन्हात दिवसातून दोनदा जाऊन, पाणी प्यायले का आणि कूलर चालतो का, हे पाहावे. एकच शेजारी गावाला गेल्यास साखळी तुटते, म्हणून दोन घरांनी हे काम वाटून घ्यावे.

येथे दोन मर्यादा सांभाळल्या पाहिजेत. कोण एकटे राहते हे अनोळखी माणसांसमोर बोलू नये. तसेच, विचारपूस ही पाळत होऊ नये. दार लावून घेण्याचा वृद्धाचा अधिकार अबाधित राहिला पाहिजे. पुष्कळ वृद्ध मदत नाकारतात, ती ओझे होण्याच्या भीतीने. अमेरिकेतील ४२३ वृद्ध जोडप्यांच्या अभ्यासात, जो २००३ साली प्रसिद्ध झाला, असे दिसून आले की इतरांना मदत करणाऱ्यांतील मृत्युप्रमाण कमी होते. म्हणून वृद्धाकडे केवळ द्यावयास जाऊ नये, मागावयासही जावे. मुलाला गणित शिकवा, लोणच्याचे प्रमाण सांगा, दुपारी येणारे टपाल घेऊन ठेवा, असे म्हणणारा शेजारी त्या घराला पुन्हा वस्तीशी जोडून घेतो.

शेजारधर्म हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. वाड्यात तो पाळावा लागत नसे, तो घडत असे. कारण चौक एकच होता. बंद दारांच्या वस्तीत तो ठरवून पाळावा लागतो, एवढाच फरक. आरंभी वर्णिलेल्या वृद्धेच्या दारातील पिशवी सात वाजता कोणाच्या नजरेस पडली, तर ती बहुधा काठी टेकत का होईना, पुन्हा आपल्या दारात उभी राहील.

अभ्यासासाठी

१. एकटे राहणे, सामाजिक विलगता आणि एकाकीपणा यांतील भेद उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. पडल्यानंतर दीर्घ काळ जमिनीवर राहणे घातक का ठरते?
३. आपल्या घराच्या दोन्ही बाजूंच्या दहा घरांचा विचार करा. त्यांतील कोणी पडल्यास ते किती तासांत आणि कोणाच्या लक्षात येईल? उत्तर वहीत न लिहिता घरातील मोठ्या माणसांना सांगा.