एक चाक फिरते, दुसरे का फिरत नाही?



अहिल्यानगर जिल्ह्याचा (२०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा) उत्तर भाग उसासाठी प्रसिद्ध आहे. लोणीजवळ प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. गाळपाच्या हंगामात या भागातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर तुम्हांला सतत दिसतील.

कधी कधी ट्रॉली भरून होते आणि ट्रॅक्टर शेतातच अडकतो. एक मागचे चाक ओल्या काळ्या मातीत गरगर फिरते, चिखल उडवते आणि आणखी खोल जाते. दुसरे चाक कोरड्या, टणक जमिनीवर असते. पण ते जागचे हलत नाही! तोडलेल्या उसाचे वजन आणि त्यातील साखर तासातासाने घटत असते. म्हणजे हा खोळंबा शेतकऱ्याला महागात पडतो. मग ज्या चाकाला चांगली पकड आहे ते काम का करत नाही?

वळणाची अडचण

दोन मागच्या चाकांमधील अंतर १.५ मीटर आहे आणि ट्रॅक्टर ४ मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ घेऊन वळतो असे समजू. आतले चाक ३.२५ मीटर त्रिज्येवर सुमारे १०.२ मीटर चालेल. बाहेरचे चाक ४.७५ मीटर त्रिज्येवर सुमारे १४.९ मीटर चालेल. दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवली, तर वळताना एखादे चाक घासत जाईल, टायर झिजेल आणि आसावर ताण येईल.

यावरचा उपाय म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यांनी १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी त्याचे पेटंट घेतले. यात आसाचे दोन तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याच्या आतल्या टोकाला एक दंतचक्र असते आणि त्या दोहोंच्या मध्ये लहान दंतचक्रे असतात. इंजिनाचा जोर या लहान चक्रांमार्फत दोन्ही बाजूंना जातो. दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी कायम राहते. म्हणून एक चाक थांबले की दुसरे दुप्पट वेगाने फिरते.

बैलांचे जू आठवा

लहान दंतचक्राचे काम समजण्यासाठी बैलजोडीचे जू पाहा. जुवाच्या मध्यावर नांगर असतो आणि दोन टोकांना दोन बैल. दोघे सारखेच ओढतात तेव्हा जू सरळ राहते. एका बैलाने अंग चोरले की जू तिरके होते आणि दुसऱ्या बैलाचा जोरही फुकट जातो. लहान दंतचक्र हे असेच एक जू आहे. ते दोन्ही बाजूंना समान जोर देते. एका बाजूला जितका विरोध मिळेल त्याहून अधिक जोर दुसऱ्या बाजूला देऊच शकत नाही.

आता हिशेब करू. प्रत्येक मागच्या चाकावर १०,००० न्यूटन भार आहे. कोरड्या जमिनीचा घर्षणांक ०.६ आणि चिखलाचा ०.१ धरू. कोरड्या जमिनीवरचे चाक ६,००० न्यूटन आणि चिखलातले चाक फक्त १,००० न्यूटन ओढ देऊ शकेल. ट्रॉली हलवण्यास ५,००० न्यूटन ओढ लागते असे माना. साध्या डिफरन्शियलने दोन्ही चाकांना १,००० न्यूटनच मिळतील. बेरीज २,००० न्यूटन. ट्रॉली हलणार नाही.

जू बांधून टाकले तर?

ट्रॅक्टरवर चालकाच्या टाचेजवळ बहुधा एक छोटा पेडल असतो. तो दाबला की डिफरन्शियल ‘लॉक’ होते, म्हणजे दोन्ही आस एकमेकांना जखडले जातात. आता ओढ १,००० अधिक ६,००० म्हणजे ७,००० न्यूटनपर्यंत जाऊ शकते. ट्रॉली निघेल. मात्र यातले ६,००० न्यूटन एकाच आसावर येतात, हे विसरू नका. जितकी पक्की जखड, तितका आस मजबूत हवा.

लॉक नसेल तर चालक आणखी एक युक्ती करतात. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ३,००० न्यूटनचा विरोध निर्माण केला, तर त्या बाजूचा एकूण विरोध ४,००० होतो आणि दुसऱ्या चाकालाही ४,००० न्यूटन मिळतात. जमिनीवरची ओढ १,००० अधिक ४,००० म्हणजे ५,००० न्यूटन. काम जेमतेम होते, पण बरीच शक्ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाते.

मधला मार्ग

वेगवान मोटारीला पूर्ण जखड चालत नाही आणि साधे डिफरन्शियलही पुरत नाही. तिच्यासाठी ‘लिमिटेड स्लिप’ डिफरन्शियल असते. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओ या दांडग्या इंजिनाच्या अमेरिकन मोटारीला ते जादा पैसे देऊन बसवून घेता येई. त्याच्या एका प्रकारात स्प्रिंगने दाबलेल्या चकत्यांचे घर्षण दोन आसांना काही प्रमाणात बांधून ठेवते. दुसऱ्या प्रकाराचे पेटंट व्हर्नन ग्लीसमन यांना १९५८ मध्ये मिळाले. त्यात मळसूत्री दंतचक्रांमुळे पकड असलेल्या चाकाला कमजोर चाकाच्या काही पट जोर जातो.

हे प्रमाण ३ असेल तर आपल्या उदाहरणात १,००० अधिक ३,००० म्हणजे ४,००० न्यूटन मिळतील; ते अपुरे आहेत. प्रमाण ५ असेल तर ६,००० न्यूटन मिळतील. ते पुरेसे आहेत. पण कमजोर चाक हवेत असेल तर? शून्याची पाचपटही शून्यच! तेथे चकत्यांचा प्रकार बरा, कारण स्प्रिंगच्या दाबामुळे थोडा जोर तरी दुसऱ्या चाकाला जातो.

मग सर्वांत कडक डिफरन्शियल निवडावे का? नाही. निसरड्या वळणावर कडक जखडीमुळे दोन्ही मागची चाके एकदम सुटू शकतात आणि मोटारीचे शेपूट फिरते. जमीन कोणती, वळणे किती आणि आस किती मजबूत, हे पाहूनच निवड करावी लागते.

सावधगिरी

लॉक लावताना क्लच दाबून चाक थांबवावे. गरगरणाऱ्या चाकावर लॉक लावल्यास दात तुटू शकतात. लॉक असताना वळू नये आणि चिखलातून बाहेर येताच ते सोडावे. रुतलेल्या चाकांना लाकडाचे ओंडके कधीही बांधू नयेत. चाके अडली आणि इंजिन जोर करत राहिले, तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावर उलटू शकतो. फिरत्या चाकाखाली दगड टाकायला जाणेही धोक्याचे आहे.

करून पाहा

३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. तिच्या मध्यावर दोरा बांधा आणि दोन्ही टोकांना एकेक तानकाटा अडकवा. एक जण मधला दोरा ओढेल व दोघे तानकाटे धरतील. पट्टी सरळ असताना दोन्ही वाचने लिहा. मग एकाने हात सैल सोडावा आणि दुसऱ्याचे वाचन पाहावे. नंतर दोरा मध्याऐवजी एका टोकापासून १० सेंटिमीटरवर बांधा. आता वाचनांचे प्रमाण किती येते? वरच्यापैकी कोणत्या डिफरन्शियलशी ते जुळते आणि कोठे जुळत नाही, याचा विचार करा.