शेवटच्या डोसआधीची ओळख

कुत्र्याचे पिल्लू अनोळखी गोष्टी सहज आपल्याशा करते तो काळ फार थोडा असतो: तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत अनेक वर्षे पिल्लांच्या वाढीचा अभ्यास करून १९६५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा काळ सर्वमान्य झाला. या आठवड्यांत माणूस न पाहिलेली पिल्ले पुढे माणसाला बुजतच राहतात.

अडचण लसीकरणाची आहे. पार्वो आणि डिस्टेंपरच्या लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतात. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला अडवत असल्याने डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. म्हणजे संरक्षण पुरे होण्याआधीच ओळखीचा काळ सरतो.

जबलपूरच्या राइट टाउनमधील एका मराठी घरात नेमके हेच घडले. पावसाळ्यात आणलेले पिल्लू शेवटच्या डोसपर्यंत उंबऱ्याबाहेर गेले नाही. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे घरच्यांची भीती खरीच होती. पण पिल्लू पहिल्यांदा रस्त्यावर आले ते नवरात्रात. दुर्गेचे मंडप, रोषणाई, ढोल आणि गर्दी पाहून ते फाटकाकडे ओढत सुटले. पुढे हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकणारे आजोबा, शाळेची मुले यांच्यावरही ते भुंकू लागले आणि वर्षाच्या आत एका पाहुण्या मुलावर धावून गेले. त्याला स्वभावाने दुष्ट ठरवणे हा अन्याय होता. ते घाबरलेले होते.

पाय जमिनीला न लावताही जग दाखवता येते, हे त्या घराला कोणी वेळेवर सांगायला हवे होते. पिल्लाला कडेवर घेऊन फाटकाशी उभे राहावे, रिक्षात मांडीवर बसवून सदर बाजारातून एक फेरी मारावी. ग्वारीघाटावरच्या घंटा दुरून ऐकवाव्यात. तिथल्या मातीवर मात्र सोडू नये, कारण भटकी कुत्री तिथे वावरतात. लस घेतलेले, शांत स्वभावाचे मोठे कुत्रे घरी बोलवावे. कुकरची शिट्टी, मिक्सर, सिलिंडरवाला या गोष्टी घरबसल्या होतात. पिल्लाचे पंजे, कान आणि तोंड रोज हाताळावे. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये म्हटले होते की, पहिल्या लसीनंतर सात दिवसांनी पिल्लाला स्वच्छ जागी इतर पिल्लांत मिसळू द्यावे. परिसरात पार्वोची साथ आहे का, हे आधी आपल्या पशुवैद्याला विचारावे. जबलपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून आहे, तेव्हा जाणकार सल्ला शहरातच मिळतो.

ओळख करून देणे म्हणजे पिल्लाला गर्दीत ढकलणे नव्हे. शेपूट पोटाखाली जाणे, वारंवार जांभई देणे, ओठ चाटणे, आवडता खाऊही नाकारणे ही भीतीची लक्षणे आहेत. ती दिसताच अंतर वाढवावे आणि पिल्लू खाऊ लागेल इतक्या दूर थांबावे. पुढे जायचे की नाही, हे पिल्लानेच ठरवावे. गुरगुरण्याबद्दल मारू नये. इशारा देणे थांबवलेले कुत्रे थेट चावते.

पिल्लू घरी लवकर आणण्याची घाईही नको. आई आणि भावंडांशी खेळतानाच ते जोराने न चावायला शिकते. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयीच्या भारतातील २०१७ च्या नियमांनुसारही आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. चौदावा आठवडा उलटलेल्या कुत्र्यावरही याच रीतीने मेहनत घेता येते, फक्त प्रगती सावकाश होते आणि दिवाळीच्या फटाक्यांसारख्या प्रसंगी त्याला आतल्या खोलीत ठेवावे लागते.